अनुजाच्या नावाने

टॅबलेट शाळेत आले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद विनीताला झाला होता.

खारबांधची शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी राणे गुरुजींकडे, तिसरी-चौथी विनीताकडे. सगळी मिळून तेवीस मुलं, त्यातली बारा तिच्या वर्गात. शाळेमागे माड, माडांपलीकडे खाडी. बहुतेक मुलांचे वडील होडीवर जाणारे आणि आया मालवणच्या बाजारात मासे घेऊन बसणाऱ्या. अशा शाळेला एका संस्थेने सहा टॅबलेट दिले आणि ते चालवायचं प्रशिक्षण घ्यायला केंद्रातून विनीताचं नाव गेलं. ओरोसला तीन दिवस प्रशिक्षण झालं. शेवटच्या दिवशी तिनेच इतर शिक्षकांना शिकवून दाखवलं, टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुख धनेश सरांनी शिक्षकांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्या केंद्राच्या तंत्रस्नेही शिक्षिका'. तो फोटो तिने गावी, वालावलला आईला पाठवला, बहिणीला पाठवला, आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं अशा दोन मैत्रिणींनाही पाठवला.

टॅबलेटमध्ये वाचनाचं अॅप होतं. मुलाने आपल्या नावावर बोट ठेवायचं, पडद्यावर चार ओळींचा उतारा यायचा, तो मोठ्याने वाचायचा. टॅबलेट ऐकायचा. बरोबर वाचलेला शब्द हिरवा व्हायचा, चुकलेला लाल. कोपऱ्यात फांदीवर एक निळा खंड्या पक्षी बसलेला असे. हिरवे शब्द वाढले की तो एक फांदी वर उडे. पाच फांद्या चढला की पाच चांदण्या. मुलांनी त्या अॅपचं नावच खंड्या करून टाकलं. सकाळी फाटक उघडायच्या आत विचारायची, "बाई, आज खंड्या आसा?"

चौथीतल्या योगिनीने तर आठवड्याभरात सगळे उतारे संपवले. हळूहळू बाकीचीही चढली. अडलं चौघांचं, आणि त्या चौघांतही सगळ्यात मागे होती अनुजा तारी. तिसरीतली, अंगाने लहानखुरी, आवाज इतका बारीक की टॅबलेटला ऐकू जावा म्हणून तोंड पडद्याला टेकवावं लागे. ती वाचायला लागली की शब्दामागून शब्द लाल होत. खंड्या जागचा हलत नसे. मान वाकडी करून नुसता बघत राही, तसंच त्याला बनवलेलं होतं.

सुरुवातीला विनीताने तिला दोन-तीनदा जवळ घेऊन बसवलं. पण एका खोलीत दोन इयत्ता, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, त्यात रोजची ऑनलाइन माहिती. मग ती फळ्यापाशी उभी राहूनच सांगू लागली, "अनुजा, जोरात वाच. नीट बघून वाच, अंदाजाने नको."

"बगूनच वाचतंय, बाई."

"बगून नाही, बघून. शाळेत शाळेसारखं बोलायचं."

अनुजा गप्प होई आणि टॅबलेट पुढच्या मुलाकडे जाई.

किती मुलांना पाच चांदण्या मिळाल्या, त्यावरून रोज दुपारी चारच्या सुमारास ग्रुपवर शाळांची यादी येत असे. वर हिरव्या शाळा, मध्ये पिवळ्या, खाली लाल. नोव्हेंबर संपत आला तरी खारबांध पिवळ्यातच होती. खाडीपलीकडच्या शाळेतल्या ज्या शिक्षकाला टॅबलेट चालू कसा करायचा हे विनीताने दाखवलं होतं, त्याची शाळा हिरव्यात गेली. धनेश सरांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्याच शाळेचं असं दिसलं तर बाकीच्यांना मी काय सांगू? चारच मुलांचा प्रश्न आहे ना? पंधरा तारखेपर्यंत करून टाका."

'करून टाका' म्हणजे काय, हे सरांनी सांगितलं नाही. पुढे विनीताने हे बोलणं कितीदा तरी आठवून पाहिलं. सरांनी तिला लबाडी करायला सांगितली होती, असं तिला कुठेच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुलं अंगणात होती. तिने योगिनीला हाक मारली. "हे बघ, या प्रितेशच्या नावावर बोट ठेव आणि वाच."

"प्रितेशच्या नावान? मी?"

"टॅबलेट आवाज नीट घेतोय का ते तपासायचंय."

हे कारण तिला आधी सुचलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते आपसूक बाहेर आलं. योगिनीने घडाघडा वाचलं. अडलेल्या चौघांतल्या प्रितेशच्या नावासमोर पाच चांदण्या आल्या. त्यानंतर तपासण्याचं कारण सांगायचीही गरज उरली नाही.

शेवटचा नंबर अनुजाचा. त्या दिवशी ती हात धुऊन लवकर आत आली आणि दारातच थांबली. योगिनी तिच्या नावाने वाचत होती. एकेक शब्द हिरवा होत होता, खंड्या एकेक फांदी चढत होता. पाचव्या फांदीवर त्याने पंख पसरून गिरकी घेतली आणि पडद्यावर मोठी अक्षरं आली, 'शाब्बास अनुजा!'

योगिनीने वळून सांगितलं, "गो अनुजा, तुका पाच चांदण्यो गावल्यो!"

अनुजा पुढे आली. पडद्यावरच्या आपल्या नावाकडे बघताना तिचा चेहरा उजळला. तिने विनीताला विचारलं, "बाई, घराकडे सांगू?"

विनीताची मान रजिस्टरात होती. ती वर न बघता म्हणाली, "सांग."

पंधरा तारखेच्या यादीत खारबांधची शाळा शंभर टक्के झाली. ग्रुपवर फुलांचे गुच्छ आणि अंगठे आले. आणि चौथ्या दिवशी कळलं की संस्थेची माणसं पुण्याहून येणार आहेत. जिथे सगळ्यात जास्त प्रगती झाली त्या शाळेत कार्यक्रम होणार, मुलांचा आणि पालकांचा सत्कार होणार. प्रगती कोणाची जास्त हे अॅपच सांगत होतं. पहिलं नाव अनुजा तारीचं होतं.

विनीताने लगेच फोन लावला. "सर, आपण योगिनीला घेऊ या ना. तिचं वाचन फार सुंदर आहे."

"योगिनी पहिल्यापासूनच वर आहे, मॅडम. त्यांना खालून वर आलेलं मूल हवंय. आणि त्या मुलीच्या आईलाही बोलवा. बाजारात मासे घेऊन बसतात ना त्या? फारच छान होईल."

मधल्या चार दिवसांत विनीताने अनुजाकडून एक उतारा पाठ करून घेतला. वाचायला नव्हे, पाठ. कुठल्या ओळीवर बोट कधी न्यायचं तेही शिकवलं. अनुजाने निमूटपणे केलं. एकदाच तिने विचारलं, "बाई, पण माका पाच चांदण्यो गावल्यो मां? मगे ह्या कित्याक?"

"पाहुण्यांसमोर चुकायला नको म्हणून," विनीता म्हणाली.

कार्यक्रमाला अंगणात मांडव घातला. अनुजाची आई रुक्मिणी त्या दिवशी बाजारात गेलीच नाही. जांभळी साडी, डोक्यात आबोलीचा वळेसर, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ती इतकी काठावर बसली होती की आता उठेल असं वाटावं. टॅबलेट मोठ्या टीव्हीला जोडला होता. सगळ्या वाडीला दिसावं म्हणून ती जोडणी विनीतानेच केली होती.

पुण्याच्या पाहुण्या बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी अनुजाला जवळ घेतलं, तिचं नाव विचारलं. विनीता पाठ केलेला उतारा काढायला पुढे झाली, तर त्या हसून म्हणाल्या, "राहू द्या, कुठलाही येऊ दे. पाच चांदण्यांची मुलगी आहे ही."

नवा उतारा आला. अनुजाने ओठ हलवले. माइक मध्येच किंचाळला, त्यामुळे ती काय म्हणाली ते कोणालाच धड ऐकू आलं नाही. टीव्हीवर मात्र सगळ्यांना दिसलं. पहिला शब्द हिरवा झाला, मग एक लाल, आणखी एक लाल, मग पुढची सगळी ओळ लाल. खंड्या मान वाकडी करून बघत राहिला. मागच्या बाजूला कोणीतरी हसलं.

"घाबरू नकोस हं बाळा," पाहुण्या बाई म्हणाल्या. "परवा वाचलंस ना, तसंच वाच."

अनुजाने विनीताकडे पाहिलं. काहीतरी सांगा, असं ते बघणं होतं. विनीता जागची हलली नाही. मग अनुजा माइककडे तोंड करून म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज सगळ्या मांडवात गेला, "माका वाचूक येणा नाय."

पाहुण्या बाईंनी विनीताकडे वळून पाहिलं, धनेश सरांनी पाहिलं. विनीताने माइक हातात घेतला. खरं सांगायला तीन वाक्यं पुरली असती. तिने वेगळीच तीन वाक्यं सांगितली.

"अनुजा शाळेत छान वाचते. पण घरी सराव होत नाही, अभ्यासाचं वातावरण नसतं, त्यामुळे मुलं शिकलेलं विसरतात. आम्ही पालकांना हे नेहमी सांगत असतो."

आवाज अगदी स्वच्छ आला, एकदाही अडखळला नाही. पाहुण्या बाईंनी मान हलवली. "खरंय, हा मोठाच प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी रुक्मिणीला वर बोलावलं आणि गुलाबाचं फूल दिलं. ते घेताना रुक्मिणीने मान वर केली नाही. फूल घेऊन ती मांडवातून चालत बाहेर गेली, अनुजाचा दंड तिच्या मुठीत होता. फाटकाशी पोचल्यावर तिने वळून मुलीच्या पाठीत दोन धपाटे घातले. विनीताला मंचावरून ते स्पष्ट दिसलं. तोवर सरांनी पुढचं नाव पुकारलं होतं.

सोमवारी अनुजा आली नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी विनीताने वर्गात विचारलं, तेव्हा योगिनी म्हणाली, "ती आता येवची नाय, बाई. तिची आये म्हणता, शिकून इसारतला तर शाळेत जावन काय करतला?"

टॅबलेटची वेळ झाली. योगिनी नेहमीप्रमाणे पुढे आली आणि मदतीला तयार असलेल्या माणसाच्या सुरात, सगळ्या वर्गासमोर तिने विचारलं, "बाई, आज अनुजा नाय, मगे तिच्या नावान मी वाचू काय?"

कोणालाच त्यात नवल वाटलं नाही. एकही मूल हसलं नाही, कोणी वर बघितलंही नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बाईंच्या वर्गात असं चालतं, हे बाराच्या बारा मुलं शिकली होती. विनीताच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने टॅबलेट कपाटात ठेवले आणि मुलांना चित्रं काढायला सांगितली. काय काढायचं ते सांगायचंही तिला सुचलं नाही.

शाळा सुटायच्या आधी ती राणे गुरुजींकडे गेली आणि त्यांना सगळं सांगितलं. गुरुजींच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला अंदाज होता," ते म्हणाले. "पण आता वर गेलेला आकडा खाली आणाल, तर सगळ्यांना उत्तरं देत बसावं लागेल. त्यापेक्षा मुलीला समजावून परत आणा, नीट शिकवा. झालं."

"आणि तिच्या आईचं?"

गुरुजींनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

त्याच संध्याकाळी पाच वाजता विनीता तारींच्या घरी गेली. अंगणात चटईवर कोळंबी सुकत घातलेली होती आणि अनुजा हातात काठी घेऊन कावळ्यांना हाकलत होती. विनीताला बघताच ती काठी टाकून घरात पळाली. रुक्मिणी बाहेर आली.

"येवा बाईनू, बसा." तिने खुर्ची आणली, पदराने पुसली, पाणी आणलं. विनीता काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुमी मायकार सांगलात ता बरोबरच सांगलात. मी दिसभर बाजारात, घोव होडयेर. चेडवाचो अभ्यास कोण घेतलो? माका स्वतःक एक अक्षर येणा नाय. तुमी इतक्या शिकयल्यात आणि आमका ता राखूक जमूक नाय. माफी करा."

विनीताच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. ती रागावलेल्या बाईसमोर उभी राहायची तयारी करून आली होती. ही बाई तिचीच माफी मागत होती.

"रुक्मिणीबाई, अनुजाची यात काही..." तिने सुरुवात केली, आणि शाळेतली ती भाषा तिथेच सोडून दिली. ती मग वालावलच्या घरी बोलायची तशी बोलली. "अनुजान काय एक चूक करूक नाय. ती इसारली पण नाय. त्यो पाच चांदण्यो तिच्यो नव्हत्योच. तिच्या नावान मी दुसऱ्या चेडवाक वाचूक लायलंय. आमचो आकडो वर जावचो म्हणान."

रुक्मिणीला ते लगेच कळलं नाही. "म्हंजे? माज्या चेडवाचा नाव, आणि वाचला दुसऱ्यान?"

"होय."

"त्या दिवसा ती नाचत इली घराकडे. पाच चांदण्यो गावल्यो म्हणान. मी तिका शिरवाळे करून घातलंय, दोन तास खपान." ती थांबली. "ता खोटा, ह्या तुमका तेव्हा म्हायत होता?"

"होय."

"आणि फाटकाकडे मी तिका मारलंय, ता बघलात?"

"बघलंय."

रुक्मिणी खाली बसली आणि चटईवरची कोळंबी हाताने पसरू लागली. ती आधीच नीट पसरलेली होती. विनीताला वाटलं, हिने ओरडावं, शिव्या द्याव्यात. तसं काही झालं नाही.

"बाईनू," शेवटी ती म्हणाली, "हय माका एकटीक सांगून काय उपेग? आमच्या घरात अभ्यास नाय, ह्या सगळ्या वाडयेन आयकला. बाजारात पण बायल्यो विचारतत."

"सगळ्यांसमोर सांगतलंय मी."

"बघूया," रुक्मिणी म्हणाली. त्यात विश्वास नव्हता, आणि तो असण्याचं कारणही नव्हतं.

विनीताने पिशवीतून तिसरीचं पुस्तक काढलं. "अनुजाक जरा बोलवशात? टॅबलेट आणूक नाय मी."

दोन-तीन हाका मारल्यावर अनुजा आईच्या मागे येऊन उभी राहिली. विनीता खुर्चीवरून उठून पायरीवर बसली, पुस्तक मांडीवर उघडलं आणि पहिल्यांदाच, अनुजाच्या तोंडाशी कान नेऊन, ऐकलं. छापलेलं होतं, 'ही आमची विहीर आहे. विहिरीत खूप पाणी आहे. आई रोज सकाळी पाणी काढते.'

अनुजाने बोट ठेवलं. "ही... आमची... बाव आसा. बावीत खूप... पाणी आसा. आये रोज सकाळी... पाणी काडता."

विनीताने तिचं बोट पुन्हा पहिल्या ओळीतल्या शब्दावर आणलं. "हे काय लिहिलंय?"

"वि... ही... र."

"मग तू बाव का म्हणालीस?"

अनुजाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हेही बाईंना माहीत नाही. "बावच मां ती."

"आणि हे?"

"आ... हे. आहे. म्हंजे आसा."

जोडाक्षरांना ती अडत होती, एका ठिकाणी काना खाल्ला. पण अक्षरं ती ओळखत होती, शब्द जुळवत होती, त्यांचा अर्थ लावत होती आणि तो आपल्या भाषेत सांगत होती. टॅबलेट प्रत्येक वेळी लाल झाला होता, कारण त्याला बाव माहीत नव्हती. विनीताला तर माहीत होती. वालावलच्या घरामागे बावच होती. पण डीएडच्या पहिल्या दिवशी ती 'माका' म्हणाली तेव्हा अख्खा वर्ग हसला होता, आणि त्यानंतर तिने आपली जीभ अशी वळवून घेतली की मुलांच्या तोंडचं तेच तिला चूक वाटू लागलं. अंदाजाने नको, ती फळ्यापासून सांगत राहिली. अनुजा तर बघूनच वाचत होती.

"वाचता मां ती?" रुक्मिणीने विचारलं. तिला अजून खात्री करून घ्यायची होती.

"वाचता. पयल्यापासून वाची. मीच आयकूक नाय."

रुक्मिणीने मुलीच्या पाठीवर हात ठेवला, जिथे मारलं होतं तिथेच, आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

शुक्रवारी विनीताने अनुजाच्या नावासमोरच्या चांदण्या काढून टाकल्या आणि बाकीच्या तिघांचे निकाल पुन्हा घेतले, खऱ्या आवाजात. शाळा पुन्हा पिवळ्यात आली. काय केलं आणि का केलं हे तिने एका कागदावर लिहून धनेश सरांना दिलं. सरांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, हे लेखी कशाला दिलंत? तोंडी बोललो असतो आपण." मग त्यांनाही तो पुढे पाठवावा लागला. तालुक्यातून खुलासा मागवणारं पत्र आलं. इतर शाळांना शिकवायला जायचं तिचं काम दुसऱ्या कोणाला दिलं गेलं. ग्रुपवर यावर कोणी काही लिहिलं नाही. ते न लिहिणं तिला रोज चार वाजता वाचावं लागे.

जानेवारीच्या पालकसभेत ती उभी राहिली. माइक नव्हता. पंधरा-सोळा पालक आले होते. ती मालवणीतच बोलली. दुसऱ्याच्या नावाने वाचून घेतलं हे सांगितलं, चार मुलांची नावं घेतली, आणि तारींच्या घराबद्दल मांडवात आपण जे बोललो ते खोटं होतं, असं स्पष्ट सांगितलं. राणे गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. रुक्मिणी आली नव्हती. ज्या बाईसाठी हे सांगायचं तिची जागा रिकामी होती, आणि ती येईपर्यंत थांबू या असं म्हणायची सोयही नव्हती.

योगिनीचे वडील उठले. "बाईनू, माज्या चेडवाक खोटा काम कित्याक लायलात? ती घराकडे सांगी, मी बाईंका मदत करतंय म्हणान."

योगिनी दाराशी उभी होती. आपण चांगलं काम करतोय असंच तिला आजवर वाटत आलं होतं. ती रडू लागली. विनीताने अनुजाचा विचार केला होता, रुक्मिणीचा केला होता. या मुलीच्या हातूनही आपण काहीतरी घाण करून घेतलं, हे तिच्या मनात त्या क्षणापर्यंत आलं नव्हतं. सगळ्यांसमोर ती योगिनीजवळ गेली आणि म्हणाली, "चूक माजी, तुजी नाय." योगिनीने हात सोडवून घेतला आणि वडिलांमागे गेली. सभा संपली तेव्हा एक म्हातारी "झाला ता झाला" म्हणाली. बाकीचे चपला घालून निघाले.

दोन दिवसांनी रुक्मिणी अनुजाला घेऊन फाटकापर्यंत आली. बाजारात जायला टेम्पो थांबला होता, ती घाईत होती.

"आयकलंय," एवढंच ती विनीताला म्हणाली आणि टेम्पोत चढली.

अनुजा शेवटच्या रांगेत बसली. टॅबलेटला तिने हात लावला नाही आणि विनीतानेही आग्रह केला नाही. टॅबलेट आता वर्गात वेगळ्या कामाला लागले. मुलं आपापल्या घरच्या गोष्टी त्यात बोलून ठेवत, मग ऐकून फळ्यावर लिहीत. आधी मालवणीत, मग पुस्तकासारख्या मराठीत. अॅपमध्ये बाव आणि आसा चालावेत म्हणून विनीताने संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही. बाकीच्या तिघांतला प्रितेश महिनाभरात चढला, आपल्याच आवाजात. योगिनी पुन्हा बोलू लागली, पण आधीसारखी स्वतःहून पुढे येत नाही.

रोज जेवणाच्या सुट्टीनंतर विनीता शेवटच्या रांगेत जाऊन अनुजाशेजारी जमिनीवर बसते. पहिल्या दिवशी तिने पुस्तक उघडून म्हटलं, "वाच." अनुजाने पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

"पयला तुमी वाचा."

त्यामुळे विनीता वाचते आणि अनुजा ओळीवर बोट ठेवून ऐकते. कित्येक दिवस एवढंच चाललं. अनुजा तिच्याकडे बघत नसे, फक्त पुस्तकाकडे बघे. फाटकाशी रुक्मिणी दिसली की विनीताची नजर अजूनही आधी खाली जाते.

फेब्रुवारीत एके दुपारी खुलाशाच्या दुसऱ्या पत्राचा विचार डोक्यात घोळत असताना विनीता भराभर वाचत होती. अनुजाचं बोट थांबलं.

"बाई, एक ओळ रवली."

विनीताने पाहिलं. मधली एक ओळ खरंच सुटली होती.

"खंय?"

अनुजाने त्या ओळीवर बोट टेकवलं आणि ती स्वतःच, त्याच बारीक आवाजात, अडखळत शेवटपर्यंत वाचली. मग पान उलटून पुस्तक पुन्हा विनीताच्या बाजूला सरकवलं.

"आता तुमी," ती म्हणाली. "पण सावकाश."